वळणापलीकडचा बोर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी पगारदार. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, हातात दांड्याला ठोकलेली पाटी. तिच्या एका बाजूला लाल ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला हिरवं ‘जा’. हे म्हणाले, “छान दिसतेस.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाले. तेही रोलरवर बसून, इंजिन चालू असताना. म्हणजे मला ऐकू गेलं नाही तरी चालेल अशा बेताने.

रस्त्याची एक बाजू उकरलेली आहे. उरलेल्या बाजूवरून एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या जातात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वळणाजवळ दुसरी बाई. मी अडवायचं, तिने सोडायचं, मग उलट. दोघींकडे वॉकीटॉकी. मध्ये माणसं खोदतात, हे रोलर फिरवतात.

मुकादमाने सकाळी बोर्ड शिकवले. वळणाच्या टोकाला दोन आहेत. पहिला खूप मागे, ओढ्यावरच्या पुलापाशी: ‘पुढे काम चालू, वेग ताशी ३०’. दुसरा वळणावर: ‘थांबायला तयार राहा’. मी विचारलं, एकच लावला तर चालत नाही का? म्हणाला, “बाई, बोर्ड डोळ्यांसाठी नसतो, पायासाठी असतो. डोळ्यांनी वाचलेलं ब्रेकवरच्या पायापर्यंत पोचायला रस्ता लागतो. साठने येणाऱ्या गाडीला तीसवर यायला जागा पाहिजे. आपण जागा दिली नाही तर गाडी माणूस घेते.”

बोलतो बरा. शिकवणीच लावायला हवी होती याने.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वळणावरची बाई काम सोडून गेली. म्हणे गाड्या अंगावर येतात, घरी गेलं तरी छाती धडधडत राहते. आठवडाभरसुद्धा टिकली नाही.

संध्याकाळी धाकटा स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला. काही मागायचं असलं की तो असाच उभा राहतो, लहानपणापासून. “वहिनी, ती जागा हिला मिळाली तर?”

धाकटा म्हणजे माझा दीर. याच कामावर यंत्रांचा फिटर आहे. सासूबाई गेल्या तेव्हा तो पहिलीत होता आणि मी नवी नवरी. त्याचं नाक मी पुसलं, पाढे मी घेतले, तापात उशाशी मी बसले. मला मूल झालं नाही. लोक हळहळायचे, मी नाही. मला एक होतंच.

आणि ‘ही’ म्हणजे राणीसरकार. दोन वर्षांपूर्वी आल्या. मी म्हटलं, बायकोला उन्हात उभी करणार? तर हसला. “तिलाच हवंय, वहिनी. दोघांचा पगार आला तर...” पुढे बोलला नाही. मीही विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

राणीसरकार रुजू झाल्या. मुकादमाने शिकवायचं माझ्यावर टाकलं. सगळं नीट शिकवलं, खोटं का लिहू? गाडी पूर्ण थांबल्याशिवाय नजर काढायची नाही. वाहनाकडे पाठ करायची नाही. पळायला जागा ठेवूनच उभं राहायचं. रात्री बोर्ड जागेवरच असतात, सकाळी आल्यावर तपासायचे, आपल्या टोकाचे बोर्ड आपली जबाबदारी. ती मान डोलवत होती. “ताई, किती माहिती आहे तुम्हाला!” गोड बोलण्यात हात कुणी धरणार नाही.

दिवसभर वॉकीटॉकीवर तिचा आवाज. “ताई, सोडू?” “सोड.” “ताई, लाल गाडी शेवटची.” “कळलं.” घरातही तोच आवाज, इथेही तोच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कळलं एकदाचं. जेवताना धाकटाच बोलला. त्यांनी दोन खोल्या बघितल्या आहेत, बाजारापलीकडे. महिन्याभरात जाणार. हे घास चावत “बरं” म्हणाले. यांच्या अंगावर छप्पर पडलं तरी हे “बरं” म्हणतील.

ती म्हणाली, “ताई, भांडून नाही हं. जागा पुरत नाही म्हणून.” जागा पुरत नाही! याच घरात तो वाढला. मी विचारलं, “तिथे भाडं कोण भरणार?” म्हणाली, “मी. माझ्या पगारातून.”

मी भांडी घासली. एका पातेल्याचा कान निघाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ते दोघं मोटारसायकलवरून आधी निघतात. हे पहाटेच जातात. मी बसने जाते आणि पुलापाशी उतरते, बस तिथूनच मागे वळते. तिथून वळणापर्यंत चिटपाखरू नसतं. वळण असं आहे की वळणावर उभ्या माणसाला पूल दिसत नाही.

पहिला बोर्ड तिथेच उभा असतो. दोन पायांचा लोखंडी स्टँड, त्यावर वाळूच्या पिशव्या. पिशव्या बाजूला केल्या की ओढता येतो. मी थोडा पुढे ओढला. थोडाच. पिशव्या पुन्हा ठेवल्या. संध्याकाळी बसची वाट बघताना परत जागेवर नेला. कुणाचं काही बिघडलं नाही.

दहाच्या सुमारास वॉकीटॉकीवर किंकाळी. मग, “ताई, केवढ्या जोरात आली हो गाडी!” मी म्हटलं, “सवय होईल.”

ती पहिली बाई आठवड्यात गेली. ही चार दिवसांत जाईल. पगार नाही तर खोल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चार वेळा किंचाळली. जेवणाच्या सुट्टीत हात थरथरत होते, भाजी जाकिटावर सांडली. सगळे हसले, मीही. धाकटा हसला नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, सगळ्यांसमोर. माझी तब्येत बिघडली तेव्हा कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवल्याचं आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

राणीसरकारांनी मुकादमाकडे तक्रार केली. गाड्या वेग कमी करत नाहीत म्हणे. मुकादम आज सकाळी लवकर येऊन बघून गेला, मी पोचायच्या आधी. बोर्ड आपल्या जागी, पुलापाशी. तिला म्हणाला, “बोर्ड बरोबर आहे, भीती तुझ्या मनात आहे.” मला इतकं हसू आलं की पाटी तोंडासमोर धरावी लागली.

संध्याकाळी धाकटा म्हणाला, “वहिनी, ती झोपेत दचकते. तुम्ही तिला जरा सांभाळा ना तिकडे.”

मी म्हटलं, “अरे, नाजूक जीव तो. घरी बसव. काय नडलंय?”

“ऐकत नाही. म्हणते घाबरून सोडलं तर स्वतःचं तोंड बघवणार नाही.”

हट्टी आहे. माझा अंदाज चुकला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता किंचाळत नाही. उडी मारते. खोदकाम करणारे सांगतात, गाडीचा आवाज बदलला की ती कडेच्या चरात असते, आणि गाडी थांबली की पुन्हा जागेवर, पाटी सरळ. मुकादम तिचं कौतुक करतो. “बघा, कान कसे उघडे आहेत हिचे.” मीच उघडले, पण श्रेय कोण देणार?

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज हलवणार नव्हते. खरंच. काल सकाळीच विचार केला, पुरे झालं.

पण काल दुपारी ते दोघं बाजारातून आले ते कुलूप घेऊन. पितळी, जाड, दोन किल्ल्यांचं. धाकट्याने मला दाखवलं. “वहिनी, एक किल्ली तुमच्याकडे ठेवा.” पाहुण्यासारखी किल्ली. मी म्हटलं, ठेव तिकडे.

आज बोर्ड वळणापर्यंत नेला. पार दुसऱ्या बोर्डाजवळ, कड्याआड, तिला दिसणार नाही असा. दोन्ही एकमेकांना टेकले म्हणा ना. जेवणाच्या सुट्टीत तिचा चेहरा खडूसारखा पांढरा. संध्याकाळी धाकट्याला म्हणताना ऐकलं, “उद्या एवढं करून सोडते मी.”

उद्याचा एक दिवस.

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटा गेला.

मंगळवारी. लिहून काय होणार, पण दुसरं काही सुचत नाही.

वळणावरचा लाल दिवा लागत नव्हता. मुकादमाने त्याला तिकडे पाठवलं. तो रस्ता अडवायला ठेवलेल्या पिंपांजवळ उकिडवा बसून वायर जोडत होता, शेजारी जनरेटर धडधडत होता. कानात तेवढाच आवाज. रस्त्याकडे पाठ.

मला वॉकीटॉकीवर तिची किंकाळी ऐकू आली. मी हसले. आधी मी हसले. मग ती “अहो!” म्हणाली. गाडीला कुणी अहो म्हणत नाही.

मी पाटी टाकून धावले. यांचा रोलर मध्येच उभा होता, हेही धावत होते. विटांचा ट्रक पिंपांवर चढून आडवा झाला होता. ती चरातून बाहेर येत होती, गुडघे फुटलेले. तिने उडी मारली होती. तिच्या कानांना कळलं होतं. त्याच्या कानांना कुणी शिकवलं नव्हतं.

ड्रायव्हर रस्त्यात बसून रडत होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. “बोर्ड दिसला आणि माणूस दिसला. एकदमच दिसले हो.”

मी बोर्डाकडे बघितलं नाही.

त्याचा एक बूट निघाला होता. मोज्याला भोक होतं. मी असते तर शिवलं असतं. दोन वर्षं मी त्याचे मोजे बघितले नव्हते.

१ डिसेंबर, सोमवार

पोलिसांनी त्याच दिवशी टेप लावून मोजलं होतं. बोर्ड वळणावर. असायला हवा पुलापाशी. आज तिला विचारलं. ती म्हणाली, “त्या सकाळी आम्ही आलो तेव्हा पुलापाशीच होता. मी बघितला.” मुकादमाने हात झटकले. “तुझ्या टोकाचे बोर्ड तुझी जबाबदारी. सांगितलं होतं ना?”

तिने माझ्याकडे बघितलं. “ताई, तुम्ही मागून बसने आलात. पुलापाशी होता ना?”

मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.”

ट्रकही जोरात होताच. साठच्या वर. माणसं बोर्ड वाचत नाहीत, हे लिहून ठेवते.

संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली होती, पाणीही घेत नव्हती. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “स्वतः बरी उडी मारलीस. हात धरून ओढता आला नाही त्याला?” हे एकदम ओरडले, “गप्प बस!” यांचा आवाज एवढा चढतो हे मला माहीतच नव्हतं. ती स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिली.

कुणीतरी तिला ते म्हणायलाच हवं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

ती घरातच राहणार. खोल्या सोडून दिल्या. कुलूप फडताळावर आहे. मला वाटायचं तसंच सगळं आहे: सगळे एका छपराखाली. फक्त एक पान कमी वाढते. आज विसरून चार वाढली. तिने चौथं पान उचललं, धुतलं, पालथं घातलं.

८ डिसेंबर, सोमवार

काम पुन्हा सुरू. ती परत आली. ठेकेदाराला भीती, नाही घेतलं तर ही बोलत सुटेल. मोटारसायकल ती स्वतः चालवत आली. त्याने कधी शिकवली कुणास ठाऊक.

मुकादमाने नवा नियम काढला. आता दोन्ही टोकांचे बोर्ड एकाच माणसाने मोजून लावायचे आणि दिवसभरात फिरून बघायचे. कोण करणार विचारलं, तर तिने हात वर केला. आणि म्हणाली, वळणावर मला उभं राहवत नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुकादम मला म्हणाला, “उद्यापासून वळणावर तुम्ही. तुमच्या टोकाला खोदणाऱ्यांतला एक देतो.”

नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

९ डिसेंबर, मंगळवार

हे पहाटे गेल्यावर ती चहाला बसली. बरेच दिवसांनी समोर बसली. म्हणाली, “परवा बसवाले काका भेटले. फार हळहळले. म्हणाले, तुझ्या जाऊबाई बिचाऱ्या रोज एवढा जड बोर्ड एकट्या ओढतात, कुणी मदतीला का देत नाही? बस वळवताना आरशातून बघायचे ते. त्यांना वाटलं, ते तुमचं कामच आहे.”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, “म्हातारा आहे तो. त्याला काय दिसतंय?”

“बस चालवतात ते.”

मी रडले. हात जोडले. म्हटलं, तुला घाबरवायचं होतं गं, नुसतं घाबरवायचं. तो माझा... ती मध्येच म्हणाली, “माहीत आहे. तुमचाच होता. घ्या आता.”

मग अगदी हळू आवाजात, हिशेब समजावल्यासारखं बोलली. “मी पोलिसांना सांगणार नाही. दादांनाही नाही. मी याच घरात राहणार, तुम्हाला हवं होतं तसं. तुम्ही रोज वळणावर उभं राहायचं. ज्या दिवशी यायचं टाळाल, त्या दिवशी बसवाले काका दादांशी बोलतील.”

“आणि बोर्ड?” मी विचारलं. “बोर्ड कुठे लावणार आहेस?”

तिने दोन्ही कप विसळले. “तुम्हीच शिकवलंय ना सगळं?” म्हणाली आणि हेल्मेट घालून निघून गेली. ‘ताई’ म्हणाली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

वळणावर उभं राहिलं की फक्त कडा दिसतो. गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. पूल दिसत नाही. जागा सोडून बघायला जाता येत नाही, समोर सतत गाड्या. आवाज वाढला की मी चराकडे सरकते. वाढलेला आवाज म्हणजे जवळ आलेली गाडी की जोरात आलेली गाडी, हे मला कळत नाही. तिला कळायचं.

आज सगळ्या गाड्या सावकाश आल्या. म्हणजे आज नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मुकादमाला म्हटलं, मला बोर्डांचं काम द्या, दिवसभर उभं राहून माझे गुडघे दुखतात. तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुमच्या जावेला तिथे उभी करू? जिथे तिचा नवरा गेला तिथे? काळीज आहे का नाही तुम्हाला?” आजूबाजूच्यांनी ऐकलं.

दुपारी सायकलवरून दूधवाला आला. मी चरात उडी मारली. सायकलला! घोटा मुरगळला. खोदणारे पोट धरून हसले. ती लांबून चालत आली, हात देऊन मला वर ओढलं, जाकिटावरची माती झटकली. “लागलं का?” सगळ्यांना वाटलं, किती करते जावेचं.

तिचा हात अजिबात थरथरत नव्हता.

१६ डिसेंबर, मंगळवार

यांना म्हटलं, तुम्ही येता-जाता पुलापाशी नजर टाकता का? म्हणाले, “रोज बघतो. बोर्ड जिथल्या तिथे असतो. दुपारी पाण्याच्या टँकरसोबत गेलो तेव्हाही बघितलं. ती पोर टेप लावून मोजते, पिशव्यासुद्धा दुप्पट ठेवल्यात. कुणाला हलवता येणार नाही असा केलाय तिने तो.” मग म्हणाले, “तुझी जाऊ तुझी काळजी घेते. तू मात्र तिला ते बोललीस.”

यांना काय कळतंय! हे बघतात तेव्हा जागेवर असेल. मुकादमाने बघितला तेव्हा माझाही जागेवरच होता.

आजही सावकाश आल्या सगळ्या. एकसुद्धा जोरात नाही. तीच तर लक्षणं आहेत. ती वाट बघते आहे, मी सैल पडायची.

रात्री दचकून उठते. हे म्हणतात, सवय होईल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज या टप्प्याचं काम संपलं. डांबर पडलं, पट्टे मारले. सकाळपासून मी मनात घोकत होते, आजचा दिवस, आजचा एकच दिवस. शेवटची गाडी सोडली तेव्हा पाटी टेकवून तिच्यावर भार दिला. बोर्ड गाडीत चढवताना बघितले आणि जिवात जीव आला.

मुकादमाने सगळ्यांना एकत्र बोलावलं. इंजिनिअर साहेबही आले होते. साहेब म्हणाले, पुढचा टप्पाही आपल्यालाच मिळाला आहे. घाटाचा रस्ता. वळणंच वळणं. दोन-तीन वर्षं तरी चालेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही.

मुकादम म्हणाला, “त्या अपघातानंतर इथे एकाही गाडीने वेगमर्यादा मोडलेली नाही. नोंद आहे. याचं श्रेय या दोघी जावांना. एक बोर्ड लावते, दुसरी उभी राहते. साहेब, ही जोडी फोडायची नाही.”

साहेबांनी विचारलं, “काय हो, येणार ना दोघी?”

मी तोंड उघडलं. नाही म्हणणार होते. हे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या हेल्मेटचा पट्टा सुटला होता, तो तिने हनुवटीखाली बसवला, हळूच, लहान मुलाचा बसवावा तसा.

“ताई येतील,” ती म्हणाली.